लोहारपुत्र जस्टिन मॉरिल आणि गरिबांचें विद्यापीठ

आपल्या मुलानें अथवा मुलीनें शाळेपुढें जाऊन कॉलेजांत शिकावें, असें खेड्यांतील कोणत्या आईबापांस वाटत नाहीं? परंतु हा विचार मनांत येतांच फीचा प्रश्न दाराशीं उभा राहतो, आणि पुष्कळ घरांत गोष्ट तेथेंच संपते. हा प्रश्न नवा नाहीं, व तो केवळ आपल्याच देशांतला नाहीं. ज्या गृहस्थानें सबंध राष्ट्रापुरतें ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची खटपट केली, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जस्टिन स्मिथ मॉरिल ह्यांचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजीं अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत, स्ट्रॅफर्ड नांवाच्या डोंगराळ गांवीं झाला. वडील नॅथानिएल हे लोहारकाम करीत. दहा भावंडांत जस्टिन सर्वांत वडील होते. मुलाला विद्येची गोडी होती. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाचें पोट भात्यावर चालविणाऱ्या बापाला त्याला कॉलेजांत पाठविण्याचें सामर्थ्य कोठून असणार? पंधराव्या वर्षीं शाळा सुटली, व जस्टिन दुकानांत कारकून झाले. तेथें दिवसा माप व तराजू, आणि मिळेल त्या वेळीं वाचन, असा त्यांचा क्रम होता. पुढें ते त्याच धंद्यांत भागीदार झाले, व सचोटीनें व्यापार करून अवघ्या अडतिसाव्या वर्षीं निर्वाहापुरतें धन जोडून निवृत्त झाले. घर बांधलें, बाग लाविली, शेती आरंभिली. परंतु कॉलेजाचें दार आपणांस बंद राहिलें, ही गोष्ट ते विसरले नाहींत.

१८५४ सालीं लोकांनीं त्यांस अमेरिकेच्या विधिमंडळावर निवडून दिलें. त्या काळीं त्या देशांत कॉलेजें पुष्कळ होतीं. परंतु त्यांतील बहुतेक वकील, वैद्य व धर्मोपदेशक तयार करण्यासाठीं असत. ग्रीक व लॅटिन हा तेथील मुख्य अभ्यास. जो मुलगा उद्यां नांगर धरणार, अथवा कारखान्यांत काम करणार, त्याच्या उपयोगाचें तेथें फारच थोडें होतें. आणि असतें तरी त्याच्या बापाला खर्च झेपला नसता. मॉरिल ह्यांनीं पाहिलें कीं, जमीन वर्षानुवर्षें निकस होत चालली आहे, आणि शेतकऱ्याला शास्त्र शिकविणारा कोणी नाहीं.

सरकारी तिजोरींत पैसा थोडा होता, परंतु सरकारच्या ताब्यांत पडीक जमीन अफाट होती. तेव्हां त्यांनीं १८५७ सालीं असें विधेयक मांडिलें कीं, प्रत्येक संस्थानाला जमीन द्यावी. ती विकून जो पैसा येईल तो व्याजीं लावावा. आणि त्या व्याजावर शेतकी व यंत्रविद्या शिकविणारें एक तरी कॉलेज चालवावें. १८५९ सालीं दोन्ही सभागृहांनीं तें मान्य केलें, परंतु अध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांनीं तें नामंजूर केलें. मध्यवर्ती सरकारला असा अधिकार नाहीं, खजिन्याचें उत्पन्न बुडेल, जुन्या कॉलेजांचें नुकसान होईल, अशीं कारणें त्यांनीं दिलीं. दुसरा कोणी असता तर येथेंच थांबला असता. मॉरिल ह्यांनीं दोन वर्षें वाट पाहिली व विधेयक पुन्हां आणिलें. तोंपर्यंत देशांत यादवी पेटली होती, व विरोध करणारे दक्षिणेचे बहुतेक सभासद विधिमंडळ सोडून गेले होते. रणांगणावर रक्त वाहत असतांना, २ जुलै १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन ह्यांनीं ह्या कायद्यावर सही केली.

कायद्याची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. संस्थानाचे विधिमंडळांत जितके सभासद, त्या प्रत्येकामागें ३०,००० एकर जमीन मिळे. विक्रीचें मुद्दल कायम राखावयाचें, तें दरसाल निदान शेंकडा ५ व्याज देणाऱ्या रोख्यांत गुंतवावयाचें, आणि मुद्दलांत तूट आली तर ती संस्थानानें भरून काढावयाची. त्यांतील पैसा इमारतींवर खर्च करण्याची मनाई होती. बियाणें न खातां पिकावर निर्वाह करावा, हा शेतकऱ्याचा नियमच मॉरिल ह्यांनीं कायद्यांत घातला, असें म्हणावयास हरकत नाहीं. कायद्यांत फी माफ करा असें लिहिलें नव्हतें. परंतु ह्या आधारामुळें फी कमी ठेवणें शक्य झालें. आयोवा संस्थानानें हा कायदा सर्वांच्या आधीं स्वीकारिला, व तेथील शेतकी कॉलेजानें आपल्या संस्थानांतील मुलामुलींस फीशिवाय शिकविलें. मिशिगनच्या कॉलेजांत विद्यार्थी दररोज तीन तास शेतांत काम करीत, व त्या मजुरीनें खर्चाचा कांहीं भार हलका होई.

ह्या आयोवाच्या कॉलेजांत १८९१ सालीं एक काळा तरुण आला. तो गुलामगिरींत जन्मला होता, व एका कॉलेजानें वर्णामुळें त्याला दारांतून परत पाठविलें होतें. लोकांचे कपडे धुऊन त्यानें आपलें पोट भरिलें, व तेथेंच पदव्या मिळविल्या. हेच पुढें टस्कीगी येथें गरीब शेतकऱ्यांचे शिक्षक झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होत.

तथापि खरें चरित्र सांगावयाचें तर काळी बाजूहि झांकूं नये. ती जमीन पडीक म्हटली जाई, परंतु ती मुळांत तेथील आदिवासींची होती. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत असें दिसून आलें कीं, सुमारें १ कोटी ७ लक्ष एकर जमीन सुमारें २५० आदिवासी समाजांकडून आलेली होती, आणि त्यांस मोबदला अत्यंत थोडा, कित्येक ठिकाणीं कांहींच नाहीं, असा मिळाला होता. एकाच्या मुलाची फी दुसऱ्याच्या भाकरींतून निघाली, हें विसरतां येत नाहीं. शिवाय कित्येक संस्थानांनीं घाईनें जमिनीचे हक्क मातीमोल विकले, व त्यांच्या कॉलेजांस पुरेसें व्याज मिळेना.

म्हणून मॉरिल पुनः पुनः नवीन मदतीचीं विधेयकें आणीत राहिले. अठरा वर्षांच्या खटपटीनंतर १८९० सालीं, म्हणजे त्यांच्या वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, दुसरा कायदा झाला. त्यानें प्रत्येक संस्थानास दरसाल प्रथम १५,००० व पुढें वाढत २५,००० डॉलर मिळूं लागले. वर्णामुळें प्रवेश नाकारणाऱ्या संस्थानास ही रक्कम मिळावयाची नव्हती. मात्र काळ्या लोकांसाठीं निराळें कॉलेज काढून न्याय्य वांटणी केल्यास ती मिळे. दक्षिणेंत हाच दुसरा मार्ग धरण्यांत आला. वांटणी बहुधा न्यायाची झाली नाहीं. तरीहि ज्यांस कोठेंच जागा नव्हती अशा हजारों तरुणांस त्या कॉलेजांत विद्या मिळाली.

मॉरिल ह्यांनीं जवळजवळ ४४ वर्षें विधिमंडळांत काम केलें, व २८ डिसेंबर १८९८ रोजीं, पदावर असतांनाच, त्यांचा अंत झाला. ज्यांनीं स्वतः कॉलेजाचें तोंड पाहिलें नाहीं, त्यांच्या कायद्यामुळें प्रत्येक संस्थानांत लोकांचें विद्यापीठ उभें राहिलें.

ह्या झाडाचीं फळें आपल्या देशापर्यंत आलीं आहेत. अलाहाबाद येथें शेतकी संस्था काढणारे मिशनरी सॅम हिगिनबॉटम हे ओहायोच्या अशाच विद्यापीठांत शेतकी शिकले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे वॉशिंग्टन संस्थानाच्या अशाच कॉलेजांत शिकून मेक्सिकोंत मक्याच्या सुधारणेचें काम करूं लागले. १९६० सालीं पंतनगर येथें ह्याच नमुन्यावर विद्यापीठ निघालें, आणि १९६८ नंतर महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें कृषि विद्यापीठें झालीं.

परंतु एक पिढी बांध घालते व दुसरी त्याची डागडुजी करीत नाहीं, असें पुष्कळदां घडतें. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संस्थानांनीं विद्यापीठांच्या खर्चांतील आपला वांटा आखडता घेतला, व फी वाढत गेली. तेथील विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील कर्ज दीड लाख कोटी डॉलरांच्या वर गेलें आहे. मॉरिल ह्यांनीं एकदां कायदा करून हात झटकले नाहींत; व्याज पुरेना तेव्हां ते अठरा वर्षें पुन्हां मागत राहिले. विद्येचें दार एकदां उघडलें म्हणजे तें आपोआप उघडें राहत नाहीं. तें धरून उभें राहणारा मनुष्य प्रत्येक पिढींत लागतो.