बारा जणांचा वर्ग : जॉन वेस्ले ह्यांचें चरित्र

एकटें लांकूड धुमसून विझतें. चार लांकडें जवळ सारलीं म्हणजे विस्तव रात्रभर टिकतो, हें चुलीपाशीं बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. धर्माच्या बाबतींतहि हेंच खरें आहे, हें ज्या पुरुषानें सबंध इंग्लंडास दाखवून दिलें, त्याचें चरित्र आज आमच्या विद्यार्थीमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों. थोर उपदेशक, अश्रांत प्रवासी व मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक म्हणून जॉन वेस्ले ह्यांचें नांव सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या कार्यापैकीं जो भाग अधिक टिकला, तो हजारोंच्या मेळाव्यांत घडला नसून दहाबारा माणसांच्या लहानशा बैठकींत घडला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं नसते.

जॉनचा जन्म इ. स. १७०३ सालीं जून महिन्याच्या १७ व्या तारखेस इंग्लंडांतील लिंकनशर परगण्यांत एपवर्थ नांवाच्या गांवीं झाला. वडील सॅम्युएल वेस्ले हे तेथील पाळक होते. आईचें नांव सुझाना. ह्या दांपत्यास एकंदर १९ अपत्यें झालीं. त्यांत जॉन १५ वा. कित्येक मुलें बाल्यावस्थेंतच वारलीं. घरांत विद्या भरपूर, पण पैशाची सदोदित ओढाताण. कर्जापायीं वडिलांस एकदां तुरुंगवासहि भोगावा लागला. १७०९ च्या फेब्रुवारींत एका रात्रीं घरास आग लागली. सर्व माणसें बाहेर पडलीं, परंतु पांच वर्षांचा जॉन माडीवरच राहिला. शिडी आणावयास वेळ नव्हता. तेव्हां एक शेजारी दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्यानें खिडकींतून त्या मुलास उचलून घेतलें. तोंच छप्पर कोसळलें. ज्वाळांतून ओढून काढलेल्या ह्या मुलाच्या आत्म्याची आपण विशेष काळजी वाहिली पाहिजे, असा त्याच्या आईनें मनाशीं निश्चय केला.

सुझानाबाई मुलांस स्वतः शिकवीत. एवढ्या मुलांच्या गर्दींत एकहि मूल दुर्लक्षित राहूं नये म्हणून त्यांनीं आठवड्यांतील निरनिराळ्या संध्याकाळी निरनिराळ्या मुलांच्या नांवें राखून ठेविल्या होत्या. त्या वेळीं त्या मुलास जवळ बसवून त्या त्याच्या मनाची विचारपूस करीत. जॉनचा वार गुरुवार होता. मोठेपणीं विद्वान् म्हणून गाजल्यावरहि त्यास ह्या गुरुवारची ओढ वाटत असे. पुढें १७११-१२ च्या हिवाळ्यांत वडील कामानिमित्त लंडनास राहिले असतां सुझानाबाई रविवारीं सायंकाळीं स्वयंपाकघरांत मुलांस व चाकरांस एखादें प्रवचन वाचून दाखवीत व प्रार्थना करीत. हळूहळू शेजारीपाजारी येऊं लागले, आणि ही संख्या दोनशेंच्या वर गेली. सहायक पाळकास हें रुचलें नाहीं. त्यानें लंडनास तक्रार लिहिली. पतीचें पत्र आलें तेव्हां सुझानाबाईंनीं आदरपूर्वक, परंतु ठामपणें, ह्या सभेमुळें लोक सन्मार्गास लागत आहेत असें कळविलें. सभा चालू राहिली. घराच्या चार भिंतींत माणसें जवळ बसून देवाचें नांव घेऊं लागलीं म्हणजे काय होतें, हा धडा जॉनला अशा रीतीनें आईच्या स्वयंपाकघरांतच मिळाला.

लंडनच्या चार्टरहाउस शाळेंतील शिक्षण आटोपून १७२० सालीं तो ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजांत गेला. १७२६ सालीं लिंकन कॉलेजानें त्यास फेलो निवडलें, आणि १७२८ सालीं त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली. १७२९ सालीं तो ऑक्सफर्डास परत आला, तेव्हां त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स व दोनतीन मित्र मिळून शास्त्रवाचन व अभ्यास करूं लागले होते. जॉन त्यांचा पुढारी झाला. हे तरुण ठराविक वेळीं उठत, उपवास करीत, तुरुंगांतील कैद्यांस भेटत, गरीब मुलांस शिकवीत. इतर विद्यार्थ्यांनीं त्यांची टर उडविली. हे सर्व कांहीं पद्धतशीर करतात म्हणून कोणी त्यांस मेथडिस्ट असें नांव ठेविलें. थट्टेचें तें नांव पुढें मोठ्या मंडळीनें अभिमानानें धारण केलें.

एवढें करूनहि वेस्ले ह्यांच्या मनास शांति नव्हती. १७३५ सालीं ते अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत धर्मोपदेशक म्हणून निघाले. वाटेंत भर समुद्रांत भयंकर तुफान झालें. शीड फाटलें, लाटा जहाजावरून वाहूं लागल्या. इंग्रज उतारू आक्रोश करूं लागले. परंतु त्याच जहाजावरील मोरावियन पंथाचे जर्मन लोक, बायकामुलांसह, शांतपणें स्तोत्रें गात राहिले. मरणाचें भय ह्यांस कां वाटत नाहीं, हा प्रश्न वेस्ले ह्यांस डांचूं लागला. जॉर्जियांत त्यांस यश आलें नाहीं. त्यांची शिस्त कडक होती. लोकांशीं खटके उडाले, प्रकरण न्यायकचेरीपर्यंत गेलें, आणि १७३८ च्या आरंभीं ते खिन्न होऊन मायदेशीं परतले.

ह्या निराशेंतून ते एकांतांत बसून वर आले नाहींत. लंडनांत पीटर बोलर नांवाच्या मोरावियन तरुणाशीं त्यांची गांठ पडली. १७३८ च्या मे महिन्याच्या १ ल्या तारखेस एक लहान संघ सुरू झाला; तो पुढें फेटर लेन येथें जमूं लागला. त्यांतील लोक पांच ते दहा जणांच्या जथ्यांत दर आठवड्यास जमत, आपल्या मनाची स्थिति एकमेकांपुढें उघडी करीत व एकमेकांसाठीं प्रार्थना करीत. त्याच महिन्याच्या २४ तारखेस सायंकाळीं ऑल्डर्सगेट रस्त्यावरील अशाच एका सभेस वेस्ले गेले. जाण्याची इच्छा फारशी नव्हती. तेथें कोणीएक रोमकरांस पत्राची लूथरकृत प्रस्तावना वाचून दाखवीत होता. तें ऐकतां ऐकतां वेस्ले ह्यांचें अंतःकरण उबदार झालें, आणि आपल्या पापांची क्षमा झाली असा भरंवसा त्यांस लाभला. विद्यापीठाच्या सर्व ग्रंथांनीं जें दिलें नाहीं, तें साध्या माणसांच्या बैठकींत त्यांस मिळालें. त्याच उन्हाळ्यांत ते जर्मनींत हर्नहूट येथें जाऊन मोरावियन लोकांची संघव्यवस्था डोळ्यांनीं पाहून आले.

१७३९ च्या एप्रिलांत त्यांनीं ब्रिस्टल शहराजवळ उघड्या मैदानांत उपदेश करण्यास प्रारंभ केला. किंग्जवुडचे कोळशाच्या खाणींतील मजूर, ज्यांच्याकडे कोणी पाळक फिरकत नसे, ते हजारोंनीं जमूं लागले. पण उपदेश ऐकून डोळे पुसणारा मजूर दुसऱ्या दिवशीं त्याच गुत्त्यासमोरून कामावर जातो. तेथें त्याचा हात कोणीं धरावा? हा खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर अगदीं अनपेक्षित रीतीनें मिळालें, आणि तेंहि पैशाच्या विवंचनेंतून.

ब्रिस्टल येथें सभागृह बांधण्यांत कर्ज झालें होतें. १७४२ च्या फेब्रुवारीच्या १५ व्या तारखेस तें फेडण्याचा विचार करण्यासाठीं मंडळी जमली. कॅप्टन फॉय नांवाच्या सभासदानें सुचविलें कीं, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी. पुष्कळांस तेवढेंहि देण्याची ऐपत नाहीं, असा आक्षेप निघाला. त्यावर तो म्हणाला कीं, अत्यंत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरीं जाईन, आणि ज्यास देतां येणार नाहीं त्याची पेनी मी भरीन. दुसऱ्यांनींहि हेंच पत्करलें. अशा रीतीनें सबंध मंडळीचे सुमारें बाराबारा जणांचे वर्ग पडले, आणि प्रत्येक वर्गास एक पुढारी मिळाला.

पुढारी पेनी गोळा करावयास घरोघर गेले आणि त्यांस भलतेंच दिसूं लागलें. कोणी पुन्हां दारूकडे वळला होता, कोणाच्या घरीं नवराबायकोचें भांडण होतें, कोणी आजारी पडून आठ दिवस उपाशी होता. हें कानीं येतांच आपण इतके दिवस जें शोधीत होतों तें हेंच, असें वेस्ले ह्यांच्या ध्यानांत आलें. त्याच वर्षीं लंडनांतहि वर्ग पाडण्यांत आले. घरोघर जाण्यास वेळ फार लागे. नोकरांस त्यांच्या धन्याच्या घरीं भेटणें अवघड जाई. दोघांत गैरसमज असल्यास समोरासमोर उलगडा होत नसे. म्हणून लवकरच वर्गांतील सर्वांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें असें ठरलें. आरंभीं व शेवटीं गायन आणि प्रार्थना. मध्यें पुढाऱ्यानें एकेकास त्याच्या आत्म्याची खुशाली विचारावी, आणि ज्यास जें हवें तें द्यावें : कोणास धीर, कोणास सल्ला, कोणास कानउघाडणी. ज्यांस आणखी जवळीक हवी त्यांच्यासाठीं स्त्रियांचे व पुरुषांचे निराळे, त्याहून लहान जथे असत. १७४३ सालीं वेस्ले ह्यांनीं साधे तीन नियम छापले : वाईट करूं नये, होईल तितकें चांगलें करावें, आणि उपासना, प्रभुभोजन, शास्त्रवाचन इत्यादि साधनें सोडूं नयेत. दर तीन महिन्यांनीं सभासदांची चौकशी होऊन त्यांस नवीन तिकिट देण्यांत येई.

ह्या वर्गांचे परिणाम दूरवर पोंचले. ज्यास आयुष्यांत कोणीं मत विचारलें नव्हतें, तो विणकर किंवा खाणकामगार चार माणसांत उभा राहून बोलूं लागला. पुष्कळ वर्गांच्या पुढारी स्त्रिया होत्या. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. बैठकींत एकमेकांचीं दुःखें कळूं लागल्यामुळें मदतीचे मार्गहि निघाले. १७४६ सालीं लंडनांत गरिबांस बिनव्याजी उसने पैसे देण्याचा निधि निघाला, आणि त्याच वर्षीं मोफत औषधें देण्याची सोय झाली. विरोधहि कांहीं कमी झाला नाहीं. १७४३ सालीं वेन्सबरी येथें खवळलेल्या जमावानें वेस्ले ह्यांस रात्रीं ओढत नेलें. ते मरतां मरतां वांचले. अशा प्रसंगीं एकेकटा श्रद्धाळू गांवांत टिकता ना. परंतु त्याच्या पाठीशीं त्याचा वर्ग असे.

हें केवळ आमचें अनुमान नव्हे. १७६३ सालीं वेस्ले वेल्समधील पेंब्रोकशर भागांत गेले. तेथें वीस वर्षें उपदेश झाला होता, पण नियमित संघ व वर्ग बांधले गेले नव्हते. पूर्वीं जागृत झालेल्या दहांपैकीं नऊ जण पुन्हां गाढ झोपीं गेले आहेत, असें त्यांस तेथें आढळलें. पेरणी करून कुंपण न घातलेल्या शेताची जी गत, तीच त्या भागाची झाली होती. तेव्हांपासून, जागृत झालेल्यांस एकत्र बांधण्याची सोय नसेल तेथें नुसता उपदेश करीत जाणें हानिकारक होय, हें मत त्यांच्या मनांत दृढ झालें.

वेस्ले निर्दोष होते असें नाहीं. १७५१ सालीं त्यांनीं केलेला विवाह सुखाचा झाला नाहीं. ज्यानें हजारोंची घरें सांधलीं त्याचें स्वतःचें घर मोडलें. स्वभाव शिस्तप्रिय, कधीं हटवादीहि. परंतु अंगीकृत कार्यांत त्यांनीं कसूर केली नाहीं. पहांटे चारला उठावें, घोड्यावर बसून वाचीत वाचीत पुढच्या गांवीं जावें, हा त्यांचा क्रम म्हातारपणापर्यंत चालला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनीं १७७४ सालीं पुस्तक लिहिलें, आणि १७९१ च्या फेब्रुवारींत, मृत्यूच्या सहा दिवस आधीं, त्याच लढ्यांत विल्बरफोर्स ह्यांस धीर देणारें पत्र लिहिलें. मार्चच्या २ ऱ्या तारखेस, वयाच्या ८८ व्या वर्षीं, लंडन येथें त्यांनीं देह ठेविला. तेव्हां त्यांच्या संघांचे सभासद ७०,००० हून अधिक होते. आपली प्रेतयात्रा थाटाची करूं नये, सहा गरीब माणसांनीं आपणांस खांद्यावरून न्यावें व त्यांस प्रत्येकीं एक पौंड द्यावा, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. पेनी देऊं न शकणाऱ्यांपासून सुरू झालेल्या कार्याचा शेवट त्यांस साजेसाच झाला.

ही पद्धति आमच्याहि प्रांतीं आली. १८७१ सालीं विल्यम टेलर हे मेथडिस्ट उपदेशक मुंबईस आले, आणि त्यांनीं लोकांच्या घरीं असेच लहान वर्ग भरवून तेथील मेथडिस्ट मंडळीचा पाया घातला. विलायतेंत मात्र एकोणिसाव्या शतकांत हे वर्ग ओसरत गेले. जेथें माणसें ठराविक शब्द उच्चारून घरीं जाऊं लागलीं, तेथें नांव राहिलें व जीव गेला. बैठक लहान असणें एवढेंच पुरत नाहीं; तींत खरें बोलण्याचें धैर्य, व ऐकलेलें पोटांत ठेवण्याचा प्रामाणिकपणा, हीं दोन्ही असावीं लागतात.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्याहि वर्गांत चाळीसपन्नास मुलें बसतात. त्यांतला एखादा चार दिवस आला नाहीं तर हजेरीबुकावर खूण होते. परंतु त्याच्या घरीं जाऊन येणारा कोणी असतो काय? आणि पालकहो, घरांत मुलें अनेक असतील, कामें त्याहून अनेक असतील. तरी प्रत्येक मुलाच्या वांट्यास आठवड्यांतून एक संध्याकाळ यावी, एवढें सुझानाबाईंपासून आपण घेऊं शकतों. त्यांच्या घरच्या एका गुरुवारचें फळ पुढें सगळ्या देशानें चाखलें.