संगीतकार वसंत देसाई : कीर्ती आणि स्वामित्वधन

आपल्या कुडाळ मुलखाने महाराष्ट्रास जी कलावंत माणसे दिली, त्यांत कै. वसंत कृष्णाजी देसाई यांचे स्थान अग्रभागी आहे. वालावलच्या श्रीलक्ष्मीनारायणाच्या प्रांगणात दशावतार पाहत लहानाचे मोठे झालेल्या आम्हांस त्यांच्या चरित्राचे स्मरण करताना अभिमान वाटतो. तसाच एक प्रश्नही मनात उभा राहतो.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे या गावी झाला. १९२९ साली कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनी निघाली, त्या प्रारंभीच्या काळातच ते तेथे दाखल झाले. पडेल ते काम करीत, प्रसंगी भूमिका करीत, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या थोर कलावंताच्या सहवासात त्यांनी संगीत-रचनेचे पाठ घेतले. पुढे व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर स्थापिले, तेव्हा ‘शकुंतला’ (१९४३) या चित्रपटाने वसंतरावांचे नाव सर्वतोमुखी झाले. ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘गूँज उठी शहनाई’ ही त्यांच्या यशाची मालिका होय. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील त्यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना असंख्य शाळांतून आजही म्हटली जाते. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात श्रीमती सुब्बुलक्ष्मी यांनी गायिलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत गीताची चालही त्यांचीच. शाळकरी मुलांचे प्रचंड समूह एका सुरात गाववावे, हा त्यांचा ध्यास होता.

अशा या पुरुषाचा अंत मात्र अत्यंत दुर्दैवी झाला. २२ डिसेंबर १९७५ रोजी ध्वनिमुद्रण आटोपून घरी परतले असता मुंबईत राहत्या इमारतीच्या उद्वाहकात अपघात होऊन ते निवर्तले.

आता त्या प्रश्नाकडे वळू. दशावतारी नट रात्र जागवितो आणि पहाटे बिदागी घेऊन पुढच्या गावी जातो. तेथे देणे-घेणे उभयतांस ठाऊक असते. परंतु चाल एकदा मुद्रित झाली, की ती कर्त्याच्या पाठीमागे हजार ठिकाणी वाजते. तिचे मोल कोणी, कोणास द्यावे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन चित्रपट करविणारा निर्माता हाच, विरुद्ध करार नसल्यास, त्याचा पहिला मालक. गीतकार-संगीतकारांनी १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था काढली व स्वामित्वधनाचा हक्क सांगितला. पण वसंतरावांच्या निधनानंतर अवघ्या सव्वा वर्षाने, मार्च १९७७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकांच्या उपेक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले, हे विशेष. गायक-वादकांस प्रयोगहक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने तर असे ठरविले की, चित्रपटगृहात चित्रपट दाखविण्याखेरीज अन्य प्रकारे गीत वापरले गेल्यास स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकार व संगीतकार यांस मिळावा, आणि तो हक्क त्यांस कराराने सोडूनही देता येऊ नये.

संगीतरचनेचे स्वामित्व कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. अर्थात वसंतरावांच्या रचनांचे २०३५ अखेरपर्यंत. आमच्या गावच्या भजनी मंडळांतील व नाट्यमंडळींतील तरुणांनी यातून बोध घ्यावा. आज कोणीही कलावंत घरबसल्या आपले गीत जगापुढे ठेवू शकतो. मात्र करार न वाचता सही करणारा, रचनेची नोंद न ठेवणारा आणि संस्थेचे सभासदत्व न घेणारा आपल्या मुलांबाळांच्या तोंडचा घास आपणच दवडतो. द्रव्याची गोष्ट काढल्याने कलेस कमीपणा येतो, हा समज आम्हांस मान्य नाही. नटास बिदागी देताना गावाने कधी संकोच केला नाही. मग चालीच्या कर्त्यास त्याचे देणे देताना संकोच का असावा?

वसंतरावांच्या सुरांनी लक्षावधी कंठ पावन झाले. त्यांच्या मुलखातील पुढल्या कलावंतांस कीर्तीबरोबर हक्काचा घासही लाभो, हीच श्रीलक्ष्मीनारायणाचरणी प्रार्थना.