समुद्रगाय पाहणारा माणूस

चरित्रांत आपल्याला राजे, सेनापती पुष्कळ भेटतात. मी आज प्राणी बघत हिंडणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

त्यांचे नाव जॉर्ज स्टेलर. जन्म १७०९ साली जर्मनीत झाला. पुढे ते रशियात गेले. १७४१ साली बेरिंग नावाच्या कप्तानाबरोबर ते उत्तरेच्या थंडगार समुद्रात निघाले. अलास्काजवळच्या एका बेटाशी जहाज पाणी भरायला थांबले. एवढ्या लांब येऊन स्टेलरना जमिनीवर मिळाले जेमतेम दहा तास! तेवढ्यात त्यांनी झाडे, पक्षी पाहून टिपून घेतले. एक निळा पक्षी बघून तर त्यांनी ओळखले, की ही अमेरिकाच. तसल्या पक्ष्याचे चित्र त्यांनी आधी पाहिले होते.

परत येताना जहाज एका ओसाड बेटावर आपटले. बरेच खलाशी आजारी होते. बेरिंग तिथेच वारले. स्टेलर आजाऱ्यांची सेवा करत आणि वेळ मिळाला की समुद्राकडे बघत बसत. तिथे त्यांना समुद्रगाय दिसली.

आमच्या वर्गाची खोली मी दोरीने मोजली, पंचवीस फूट भरली. समुद्रगाय एवढी लांब असे! पण फार गरीब. तिला दात नव्हते. ती समुद्रातले शेवाळ खाई. एकदा मादी मेली, तर तिचा नर दोन दिवस किनाऱ्याशी येत राहिला. हे सगळे स्टेलरनी लिहून ठेवले. खरे सांगायचे तर उपाशी खलाशांनीही तिचे मांस खाल्ले. मोडक्या जहाजाच्या लाकडांचे लहान जहाज बांधून ४६ जण १७४२ साली परत आले.

त्यांनी आणलेली पाणमांजरांची कातडी पाहून शिकारी तिकडे धावले. खायला त्यांनी समुद्रगायी मारल्या. १७६८ पर्यंत एकही उरली नाही. म्हणजे फक्त सत्तावीस वर्षांत! स्टेलर १७४६ सालीच, वयाच्या ३७ व्या वर्षी, सायबेरियात वारले. त्यांचे लिखाण त्यांच्यामागून छापले गेले.

आज अलास्काच्या किनाऱ्याने लहान जहाजांतून लोक देवमासे, पाणमांजरे बघायला जातात. स्टेलरांच्या नावाचा समुद्रसिंहही दिसतो. समुद्रगाय मात्र कुणालाच दिसणार नाही. ती जिवंत कशी होती, हे आपल्याला त्या एका माणसाच्या वहीमुळे कळते.

म्हणून मीसुद्धा एक वही केली आहे. शाळेच्या वाटेवर दिसलेला पक्षी त्यात तारीख घालून लिहितो. तुम्हीही लिहा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी