छंदाला वेळापत्रकात बांधणारा वैमानिक

हौसेने विमान उडविणे आणि ठरलेल्या वेळी ते ठरलेल्या ठिकाणी पोहोचविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जे. आर. डी. टाटा यांनी एकाच आयुष्यात दोन्हींचा अनुभव घेतला.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना फ्रान्सच्या समुद्रकिनारीच विमानाचे वेड लागले. विमानाने इंग्लिश खाडी सर्वप्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे तेथे त्यांचे शेजारी होते. पुढे मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये ते शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती आला.

१९३० मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातील एकट्याच्या उड्डाणासाठी आगाखान यांनी पारितोषिक ठेवले. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेल्या अस्पींना जेआरडींनी स्वतःजवळचा जादा प्लग देऊन टाकला. पारितोषिक अस्पींनी जिंकले. हौसेच्या उड्डाणात असे औदार्य परवडते, कारण उशीर झाला तरी नुकसान स्वतःचेच असते.

टपालाचे तसे नव्हते. नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या योजनेनुसार १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. दिशा दाखविणारी यंत्रणा नव्हती, रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याहून सुटत. हवा पाहून बेत बदलण्याची मुभा संपली होती. पत्रांची वाट पाहणाऱ्यांना दिलेली वेळ पाळायची होती.

या सेवेतूनच १९४६ मध्ये एअर-इंडिया आकारास आली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही १९७८ पर्यंत जेआरडी तिचे अध्यक्ष होते. प्रवासी म्हणून बसले तरी चहाच्या रंगापासून पडद्यांपर्यंतच्या उणिवा ते टिपून ठेवत.

हौस मात्र मावळली नव्हती. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ या छोट्या विमानातून पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली, ते पाहायला हा पहिला वैमानिक नव्हता.