मूस यांनी जुळवलेला सांधा

आमच्या नवीन पनवेलात भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. २००४ च्या भूकंपानंतर अंदमानचे भूकवच किती सरकत आहे, हे तेथील संशोधकांनी उपग्रहांच्या साहाय्याने मोजले. अशा कामात आधीची नोंद हाती नसेल तर आजचा आकडा मुका! हे फार पूर्वी पुरते ओळखले ते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी.

१८५९ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ एडिंबरोला शिकले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर तेथे भूकंपलेखक यंत्रही बसले. पण मूस यांची खरी कसोटी घेतली ती ट्रामने. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने चुंबकसूची बिथरणार आणि १८४६ पासूनची वेधमाला तुटणार! शहराची सोय अडवून तरी कशी धरायची? मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. लोखंड कटाक्षाने टाळून तेथे इमारत उठली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेतले गेले, आणि जुन्या नोंदीचा नव्या नोंदीशी सांधा जुळला. १९०७ मध्ये ट्राम खुशाल धावली. मला तर त्यांच्या सर्व पदव्यांहून ही दोन वर्षेच मोठी वाटतात.

१९१० साली त्यांनी साठ वर्षांचे वेध दोन खंडांत प्रसिद्ध केले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. अलिबागची नोंद अजून चालू आहे.