दारावरचा एक शब्द : बादा शानरेन

चीनच्या जियांगशी प्रांतातील नानचांग नगरात 1626 मध्ये एका राजवंशीय कुटुंबात एक बालक जन्मले. मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाचा एक पुत्र पूर्वी या नगरात येऊन स्थायिक झाला होता. त्याच शाखेचे हे कुळ. घरात चित्रकला आणि सुलेखन पिढीजात होते. वडील उत्तम चित्रकार होते, परंतु त्यांना बोलता येत नसे, असे जुने चरित्रकार नोंदवतात. हाच बालक पुढे बादा शानरेन या नावाने चिनी कलेच्या इतिहासात अमर झाला.

1644 मध्ये मिंग सत्ता कोसळली आणि मांचूंचे राज्य आले. पुढच्याच वर्षी नव्या राज्यकर्त्यांनी आज्ञा काढली की, प्रत्येक पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी राखावी. नकाराची शिक्षा मृत्यू. पराभूत राजकुळातील तरुणाला तर दुहेरी भय होते. मुंडन केलेल्या भिक्खूला मात्र वेणीची सक्ती नव्हती. 1648 मध्ये त्यांनी चीवर धारण केले.

ही प्रव्रज्या श्रद्धेची की भयाची, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु भयाने आलेला मनुष्य तीस वर्षे विहारात राहत नाही, असे मला वाटते. 1653 मध्ये ते आचार्य होंगमिन यांचे शिष्य झाले. होंगमिन हे चान परंपरेतील छाओतुंग शाखेचे. (चान हा शब्द मुळात आपल्या पाली भाषेतील 'झान', म्हणजे ध्यान.) चरित्रकारांच्या मते पुढे त्यांच्यापाशी शंभराहून अधिक शिष्य धम्म ऐकत. त्यांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी चित्रे याच काळातील, 1659-60 ची आहेत. फुले, फळे, भाज्या हे विषय आणि खाली धम्मनामाची सही. हा चित्रसंग्रह आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

1680 च्या सुमारास मोठे वादळ आले. एका स्थानिक अधिकाऱ्याकडे वर्षभराहून अधिक काळ पाहुणे असताना त्यांचे मन ढळले. कधी ते मोठ्याने हसत, कधी दिवसभर रडत. एके दिवशी चीवर फाडून त्यांनी ते जाळले आणि नानचांगची वाट धरली. फाटकी टोपी व जीर्ण झगा घालून ते बाजारातून बाह्या उडवीत फिरत आणि पोरे मागे लागून हसत. अखेर एका पुतण्याने ओळखून त्यांना घरी नेले. नंतर एके दिवशी त्यांनी दारावर 'मूक' या अर्थाचे एकच अक्षर मोठे लिहिले आणि बोलणे सोडले.

हे वेड खरे होते की राज्यकर्त्यांपासून बचावाचा उपाय? दोन्ही मते आहेत. दोन्हींत तथ्य असावे. 'मूकनायक'चा वारसा सांगणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला मात्र त्या अक्षरापाशी थांबावेच लागते. आपल्या पूर्वजांचे मौन त्यांच्यावर जन्माने लादलेले होते. या राजपुत्राने ते स्वतः स्वीकारले. हा भेद विसरून सहानुभूती दाखवणे इतिहासाला धरून होणार नाही.

याच काळात ते चित्रांवर 'गाढव' अशी सही करीत. मुंडित भिक्खूंना हिणवण्यासाठी लोक हाच शब्द वापरत. 1684 पासून त्यांनी बादा शानरेन हे नाव घेतले. महापुरुषांच्या आठ जाणिवा सांगणाऱ्या एका बौद्ध सूत्राशी या नावाचा संबंध जोडला जातो. अंगुत्तर निकायात अनुरुद्धांना सांगितलेले आठ महापुरिसवितक्क आपल्याला परिचित आहेत. त्यांच्याशी नाते सांगणारेच ते सूत्र. नावाची चार अक्षरे ते अशी जुळवून लिहीत की, पाहणाऱ्याला त्यांत 'रडणे' आणि 'हसणे' हे शब्द दिसावेत.

त्यांची खरी थोरवी शेवटच्या वीस वर्षांतील आहे. काळी शाई, कोरा कागद आणि कुंचल्याचे मोजके फटकारे. एक मासा, आणि भोवती पाणी दाखवणारी एकही रेषा नाही. एक पक्षी, एका पायावर, अंग आक्रसून. डोळ्यातील बाहुली वरच्या कडेला टेकवलेली, त्यामुळे तो जीव जगाकडे रोखून पाहत असल्याचा भास होतो. 1690 मधील मोरांच्या चित्रात शेपटीला तीनच पिसे आहेत. मांचू दरबारातील मानाचे चिन्ह तीन डोळ्यांचे मोरपीस होते, हे ठाऊक असणाऱ्याला उपहास कळत असे. सुलेखनातही त्यांनी तारुण्यातील टोकदार वळणे सोडली. शेवटची अक्षरे जाड, गोलसर, एकसारख्या रुंदीची आहेत आणि अत्यंत शांत वाटतात. मला चित्रांपेक्षाही ही अक्षरे अधिक भावतात.

उपजीविका चित्रांवरच होती आणि दारिद्र्य कायम होते. तरीही गरीब विद्यार्थी, डोंगरातले भिक्खू, खाटीक, मद्यविक्रेते यांनी मागितले की ते सहज चित्र काढून देत. उच्चपदस्थांना मात्र सोने मोजूनही एक चितारलेला दगड मिळत नसे. कोणी चित्रासाठी रेशीम आणून दिलेच, तर ते ठेवून घेत आणि याचे मोजे शिवीन म्हणत. मग त्या अधिकाऱ्यांना खाटिकाच्या नाहीतर दारू विकणाऱ्याच्या दारी जाऊन ती चित्रे विकत घ्यावी लागत.

1697 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी सुमारे 13 मीटर लांबीच्या कागदावर नदीकाठची कमळे रंगवली आणि शेवटी स्वतःची कविता लिहिली. ही गुंडाळी तिआनजिनच्या संग्रहालयात आहे. 1705 मध्ये नानचांगलाच त्यांचे निधन झाले.