हेन्री कॉनिबेअर

जुन्नरच्या मुलांस लेण्याद्रीचें चैत्यगृह ठाऊकच आहे. तें डोंगर कोरून घडविलेलें. गॉथिक देवालय मात्र दगडावर दगड रचून टोकदार कमानींनीं वर चढतें. मुंबईंत असें देवालय उभारणारे कॉनिबेअरसाहेब पेशानें इंजिनियर होते. त्यांचा जन्म १८२३ सालचा.

पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ कुलाब्यास देवालय बांधावयाचें होतें. विलायतेचा आराखडा फार खर्चाचा निघाला, तेव्हां ह्या तरुणाचा पसंत झाला. १८४७ त कोनशिला बसली, १८५८ त समर्पणविधि झाला. १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ त पुरा झाला. परंतु शहर तहानलेलें होतें. त्यासाठीं विहार तलावाची योजना ह्यांनींच आंखली. १८६० त ती पूर्ण झाली. आमच्या मतें हें काम मनोऱ्याहून थोर होय.

स्वदेशीं त्यांचे बंधु चार्ल्स हे हॅम्पशायरमधील इचेन स्टोक ह्या लहानशा खेड्याचे धर्मगुरु होते. त्यांच्यासाठीं साहेबांनीं १८६६ त पॅरिसच्या प्रसिद्ध सेंत शापेलच्या धर्तीवर एक अरुंद, उंच देवालय बांधिलें. आतां तेथें नित्य उपासना होत नाहीं. एक धर्मादाय संस्था त्याची जपणूक करिते. वेदीजवळच्या जमिनीवर फरशांचा चक्रव्यूह अद्याप आहे.